जुन्या सायकली नकोत; ट्यूब द्या आणि रविवारची सकाळ द्या

शाळा उघडायला महिना राहिला. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकली गोदाकाठच्या आपल्या गावांत आहेत. त्यातल्या बऱ्याच नुसत्या भिंतीला टेकून आहेत. मोडल्यात असंही नाही. कुणाची ट्यूब गेलीय, कुणाची ब्रेकची वायर तुटलीय, आणि दुकान सात-आठ किलोमीटरवर. तिथवर सायकल ढकलत कोण नेणार?

बाजारतळामागच्या शेडमधला आपला दुरुस्ती कट्टा दर रविवारी सकाळी 8 ते 12 चालू असतो. मजुरी घेत नाही. अट एकच: सायकल जिची, पाना तिच्या हातात. आम्ही शेजारी बसून दाखवतो.

सुरुवात पंक्चरपासून. वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो. ट्यूबला पॅच लावला, काटा तसाच राहिला, की पोरगी वेशीपर्यंत जाईतो हवा पुन्हा गायब. म्हणून आधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा. तो जिथं अडकेल तिथं काटा. भोक ट्यूबच्या आतल्या बाजूला, म्हणजे रिंगेकडे असेल, तर दोष काट्याचा नाही. रिंगेवरची पट्टी सरकलेली असते आणि स्पोकचं टोक टोचत असतं. शेजारीशेजारी दोन भोकं म्हणजे कमी हवेवर दगडावरून नेलेली सायकल. भोक सापडतच नसेल तर वॉल्व्हची रबरी नळी पाहा. आपल्या उन्हात ती वाळून चिरते, आणि बिचारी चांगली ट्यूब फेकली जाते. सोल्युशन लावल्यावर चार-पाच मिनिटं वाळू द्यायचं. इथं सगळ्यांचीच घाई होते, आणि ओल्यावर चिकटवलेला पॅच सुटतो.

आता काय हवंय ते.

ट्यूब आणि टायर सगळ्यात जास्त लागतात. 26 × 1⅜ च्या ट्यूब 60, टायर 20. 26 × 1.95 च्या ट्यूब 25. घेताना टायरच्या कडेवरचा पूर्ण आकडा वाचा. दोन्हीवर 26 लिहिलेलं असलं तरी पहिला टायर 590 मिलिमीटरच्या रिंगेवर बसतो, दुसरा 559 च्या. अदलाबदल चालत नाही. नुसतं ‘सव्वीसचा द्या’ म्हणून आणलेले टायर आमच्याकडे तसेच टांगलेले आहेत.

ब्रेक रबरच्या 50 जोड्या, पुढच्या-मागच्या ब्रेक वायरी प्रत्येकी 30. सिंगल स्पीडच्या ½ × ⅛ चेन 15. चेन बदलायची की नाही हे पट्टीनं ठरवतो: एका पिनेपासून पुढच्या 24व्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर 12 इंच हवं. ते 12 1/16 झालं की चेन गेली. 12⅛ पर्यंत तशीच चालवली तर फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या चक्राचे) दातेही खाल्लेले असतात आणि खर्च वाढतो.

छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) किलोवर मिळाले तर उत्तमच. साधारण पुढच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) 3/16 इंचाचे 20, मागच्याला ¼ चे 18 आणि पेडलच्या दोन्ही दांड्यांना जोडणाऱ्या मधल्या एक्सलला ¼ चे 22 लागतात. दोन-चार हरवले म्हणून तेवढेच नवे घालत नाही, सगळा संच बदलतो. जुने झिजून बारीक झालेले असतात, मग भार नव्यांवर येतो आणि कटोरी, म्हणजे छर्रे बसतात ती वाटी, खराब होते.

हत्यारांत हबचे कोन नट धरायचे पातळ कोन पाने (13 ते 17 मिलिमीटर) दोन संच, स्पोक की तीन, चेन कटर एक, उभा पंप एक. ग्रीस द्या. जळकं इंजिन ऑइल कृपया आणू नका, चेनवर धूळ धरतं.

आणि माणसं. काही येत नसलं तरी चालेल; तीन रविवारांत पंक्चर, ब्रेक, चेन हाताखालून जातं. चाकाची आऊट काढणं, म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ करणं, मात्र तीन रविवारांत येत नाही. ज्यांनी दुकान बंद केलंय अशा जुन्या मिस्त्रींना विनंती आहे, महिन्यातून दोन सकाळी आम्हाला शिकवायला या. यथाशक्ती मानधन देऊ. गावातल्या दुकानदारांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. फ्रेमचा जोड, नवं चाक बांधणं ही कामं आम्ही त्यांच्याकडेच पाठवतो.

जुनी सायकल द्यायचीच असेल तर आधी फ्रेम पाहा. हँडलखालच्या जोडावर रंगाला बारीक चीर असेल तर ती भंगारात घाला. तसली सायकल पोरीच्या हातात आम्ही देणार नाही.

सामान रविवारी शेडमध्येच आणून द्या. रोख दिलीत तर पावती लगेच मिळेल, आणि त्या पैशांतून काय आणलं ते दारावरच्या फळ्यावर लिहिलेलं असेल. कामाला येणार असाल तर जुने कपडे घालून या. आणि डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे ध्यानात ठेवा: ते उजवीकडे फिरवल्यावर सुटतं. नेहमीच्या सवयीनं जोर लावून त्याचे आटे घालवलेले दोन क्रँक (पेडलचे दांडे) शेडमध्ये नमुन्याला ठेवलेत.