चिंगी इथेच राहील

पर्वरी, बुधवार रात्र

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोन मीच कापला. रेंज गेली नव्हती. आई, तू म्हणालीस, "तू बरी होईपर्यंत चिंगीला आमच्याकडे ठेव," आणि माझ्या घशातून शब्दच फुटेना. हल्ली फोनवर मी रडते नाहीतर ओरडते, म्हणून पत्र.

चिंगी इथेच राहील. आणि बाळंतपणानंतरच्या नैराश्यावरच्या माझ्या गोळ्या सुरू झाल्यात, आज दहावा दिवस. दोन्ही ठरलंय. तुम्हाला जमणार नाही असं कोण म्हणेल? बाबा, तुमच्या मांडीवर ती जशी झोपते तशी इथे कुणाकडेच झोपत नाही. पण मागच्या महिन्यात एक झालं, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं.

दुपारी ती पाळण्यात जागी होती. माझ्याकडे बघून हसली, पाय झाडले, हुंकार दिला. मला सगळं दिसत होतं, पण चेहरा हलेना. तिने पुन्हा आवाज केला. मग मान वळवून पंख्याकडे बघत राहिली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात आयांना मुद्दाम दोनेक मिनिटं चेहरा कोरा ठेवायला लावून हेच पाहिलं होतं. बाळ आधी आईला बोलतं करायची खटपट करतं, मग तोंड फिरवतं. एका दुपारीने काही बिघडत नाही म्हणे. आई पुन्हा हसली की गाडी रुळावर येते, आणि तसं येण्यातूनच बाळ शिकतं. महिनोन् महिने उत्तर मिळालं नाही तर मात्र ते हाक मारणंच कमी करतं. मला वाटायचं हे गोऱ्यांचे लाड. पण इथे गोव्यातच डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला, तर दीड-दोन महिन्यांनी १०० तल्या २३ जणींना हेच नैराश्य निघालं. पुढे १७१ बाळं सहा महिन्यांची असताना तपासली, त्यात अशा आयांची बाळं वजनाला आणि उंचीला मागे होती, मनाच्या वाढीतही. हे २००३ सालीच छापून आलंय. म्हणून बाळ लांब ठेवून मला बरं व्हायचं नाही. तिच्यासमोरच व्हायचंय.

आई, पुढचं वाचताना पदर डोळ्याला लावू नकोस.

बंड्या झाला तेव्हाचं माजघर मला आठवतं. तुझी खाट, भिंतीकडे तोंड. आजीने तीनदा नारळ उतरवला. माझ्या वेण्या बाबा घालायचे, एक वर एक खाली. शाळेतून आल्यावर मी आधी दारातून तुझी पाठ बघायची आणि आज बोलायचं की नाही ते ठरवायची. सगळे म्हणायचे, पोर किती शहाणी! अजूनही कुठल्याही घरात शिरले की मी आधी चेहरे वाचते. ह्यांनी कपबशी जरा जोरात ठेवली तरी माझं काय चुकलं ते शोधते. तुझ्यावर बोट ठेवत नाहीये गं. तू आजारी होतीस आणि कुणी ओळखलं नाही. त्यातही रात्री उठून तू माझ्या अंगावर गोधडी ओढायचीस. मी जागीच असायचे, तू येशील म्हणून.

इथे डॉक्टरीणबाईंनी मला दहा प्रश्नांचा कागद दिला, गेल्या सात दिवसांत हसू आलं का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, असा. तो १९८७ सालीच तयार झालाय, बंड्याच्या आधी. आपल्या पडवीपर्यंत तेवढा पोचला नाही.

गोळीची काळजी नको. दुधातून फार थोडी उतरते, विचारूनच घेते. पहिले दोन आठवडे तर बऱ्याच जणी रडतात, माझं अडीच महिने थांबलं नव्हतं, तेव्हा गेले. जेवण वेळेवर होतं. मालिशवाल्या मावशी रोज येतात. तू दिलेले अळिवाचे लाडू संपत आलेत (अर्धे ह्यांनीच खाल्ले). रात्री दोनची पाळी त्यांची, मी सलग पाच तास झोपते. काल चिंगीने हुंकार दिला आणि माझ्या तोंडून आपोआप उत्तर गेलं. एवढंच. पण गेलं.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी पेपर वाचून झाल्यावर नाही, आधी. माडावर चढायचं नाही, नारळ पडले तर पडूदेत. आई, गुडघ्याला तेल लाव आणि माझ्यासाठी धरलेला उपास सोड, मी विचारलंय, त्याने दूध वाढत नाही. "बाहेरचं काही असेल" असं काकूने म्हटलं तर गप्प बस, भांडू नकोस.

शनिवारच्या सकाळच्या एसटीने दोघं या, आठ दिवस राहायच्या तयारीने. तिला माझ्यापासून न्यायला नाही, आम्हा दोघींजवळ बसायला. कुळथाचं पीठ आण, जुन्या लुगड्याची दुपटी आण. आणि आई, जुना चष्मा घालून ये. नवा घातलास तर ही मोडेल, तिला आता चेहऱ्यावरचं काहीही ओढायचं असतं.

तुमची,
चिमी