प्रवाळांपाशी पहाटेचा ऑक्सिजन मोजा: केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री साहेब, नमस्कार.

मी जालना जिल्ह्यातला, शेततळ्यात रोहू-कटला पाळतो. समुद्र आमच्यापासून लई लांब, पण पाण्यातला ऑक्सिजन संपला की काय होतं हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. श्रावणात चार दिवस आभाळ गच्च राहिलं आणि तळ्यात शेवाळ माजलेलं असलं की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडायलेत, एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, लावायला धावावं लागतं, कारण शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच ओढून घेतं. दुपारी मोजलं तर सगळं ठीक दिसतं, खरा आकडा पहाटेचा.

प्रवाळ म्हणजे समुद्रतळाला चिकटून राहणारे बारीक जीव, त्यांच्या अंगातही असंच सूक्ष्म शेवाळ राहतं, दिवसा देतं, रात्री सगळेच घेणारे. त्यात आधीच कमी ऑक्सिजनचं पाणी आलं तर अवघडच. २०१० मध्ये पनामातल्या बोकास देल तोरोला असं झालं, अंगातलं शेवाळ गेल्यानं प्रवाळं पांढरी पडली, भरपूर मेली.

पण मला जास्त काळजी पिल्लांची आहे साहेब. प्रवाळाचं पिल्लू आधी पोहणारी अळी असतं, मग टणक जागा बघून चिकटतं, तेव्हा जेमतेम मिलिमीटरभर, आणि एकदा चिकटलं की तिथून हलता येत नाही, पाणी कसंही येवो. प्रयोगात असं दिसलंय की ऑक्सिजन कमी असला तर अळ्या तळाकडं जाऊन जागा चाचपायचंच टाळतात, बसतच नाहीत. म्हणजे वरून मोठी प्रवाळं उभी, फोटो छान येतायत, आणि खाली पुढची पिढीच नाही. हे कळायला वर्षं जातात.

आता आपलं मालवण घ्या. १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळं आहेत. अरबी समुद्रात खोलवर कमी ऑक्सिजनचा जगातल्या मोठ्या पट्ट्यांपैकी एक पट्टा आहे, पावसाळ्यात ते खालचं पाणी पश्चिम किनाऱ्याकडं वर चढतं, वरून पावसाच्या गोड्या पाण्याचा थर बसतो, मग हवा खाली पोचत नाही आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हाल सगळ्यात वाईट. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी हे मोजून दाखवलेलं आहे, म्हणजे माणसं आणि अक्कल दोन्ही आपल्याकडं आहेत.

हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं केंद्र, तुमच्याच खात्याचं, ते प्रवाळ पांढरे पडण्याचा इशारा देतं, चांगलं काम आहे, पण तो इशारा समुद्राच्या वरच्या पाण्याच्या तापमानावरून निघतो. पाणी थंड आणि ऑक्सिजन नाही, अशा वेळी तो काय सांगणार? खालून चढणारं ते पाणी थंडच असतं.

म्हणून मागणी साधी आहे. मालवणच्या प्रवाळांपाशी अगदी तळाला ऑक्सिजनचे सेन्सर बसवा, रात्रंदिवस आणि बारा महिने चालणारे. सोबत टाइल्स ठेवून त्यावर किती नवीन पिल्लं बसली हे दरवर्षी मोजा, इन्कॉइसच्या इशाऱ्यात ऑक्सिजन जोडा. आणि आमच्या गोदावरीतून युरिया, सांडपाणी जे बंगालच्या उपसागराकडं जातंय त्याचाही हिशोब ठेवा, तिथंही खोल पाण्यात ऑक्सिजन कमीच आहे, आणि त्यात आम्हा मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचा वाटा किती ते आम्हाला कळू द्या, आम्ही ऐकून घेऊ.

सेन्सर पुढच्या सप्टेंबरच्या आधी बसले पाहिजेत, आणि आकडे मराठीत, सगळ्यांना बघता येतील असे वेबसाइटवर टाका.

आपला,
एक मत्स्यशेतकरी, जिल्हा जालना