दुसऱ्या पायरीवरचा धावपटू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या शहरात नुकत्याच झालेल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील एका एकांकिकेविषयी गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका वाचकांनी नाराजी व्यक्त केली आहे. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या दोन कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूंनी पदक स्वीकारल्यावर मूठ उंचावून केलेला वर्णभेदाचा निषेध हा त्या एकांकिकेचा विषय होता. परदेशातल्या राजकारणाशी आपल्या रंगभूमीला काय देणेघेणे, आणि खेळात राजकारण आणायचेच कशाला, असा त्या पत्राचा रोख आहे. मी ३२ वर्षे शाळेत क्रीडाशिक्षक होतो आणि जवळपास तितकीच वर्षे हौशी रंगभूमीवर काम केले. तो प्रयोग मी पाहिला आहे आणि माझीही त्याबद्दल तक्रार आहे, पण ती अगदी उलट बाजूची आहे.

विषय परका आहे हे मला मुळीच मान्य नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा तिचे नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले गेले होते. तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याचे नाते इथल्या तरुणांनी तेव्हाच ओळखले होते. २०२३ च्या मे महिन्यात आपले ऑलिंपिक पदकविजेते कुस्तीगीर पदके गंगेत सोडायला हरिद्वारच्या घाटावर गेले, तेही प्रेक्षागृहातल्या त्या मुलामुलींनी बातम्यांत पाहिलेले आहे. आणि खेळात राजकारण नको म्हणणाऱ्यांनी त्या वेळचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांचा इतिहास जरूर पाहावा. स्मिथ आणि कार्लोस यांना संघातून काढा, असा आग्रह याच ब्रंडेज यांनी धरला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ते अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचे प्रमुख होते आणि तिथल्या नाझी सलामीला त्यांनी हरकत घेतली नव्हती. १९६८ च्या स्पर्धेला सुरुवात होण्याच्या दहा दिवस आधी, २ ऑक्टोबरला, मेक्सिको सिटीतल्याच त्लातेलोल्को चौकात निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार होऊन माणसे मारली गेली होती. राजकारण त्या शहरात आधीपासूनच होते, धावपटूंनी ते बाहेरून आणले नाही.

आता माझी तक्रार. त्या मुलांनी मेहनत घेतली होती, धावण्याचा प्रसंग तर फार सुंदर बसवला होता. जागच्या जागी धावणाऱ्या तिघांच्या श्वासांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येत होता. परंतु विजयमंच आला, राष्ट्रगीत सुरू झाले, दोन मुठी वर गेल्या, मागून लाल प्रकाश आला आणि थोड्याच वेळात पडदा पडला. टाळ्या भरपूर मिळाल्या. मी मात्र त्या मुलांच्या पायांकडे पाहत राहिलो, कारण स्मिथ आणि कार्लोस झालेल्या दोघांच्याही पायांत पांढरे बूट होते.

प्रत्यक्षात ते दोघे बूट काढून, नुसते काळे मोजे घालून विजयमंचावर चढले होते, कारण त्यांना कृष्णवर्णीयांचे दारिद्र्य जगाला दाखवायचे होते. स्मिथच्या गळ्यात काळा रुमाल होता. कार्लोसने श्रमिकांशी नाते सांगण्यासाठी जाकिटाची चेन उघडी ठेवली होती, आणि त्याच्या गळ्यातली मण्यांची माळ झुंडबळी ठरलेल्या माणसांची आठवण म्हणून होती. हे सगळे विचारपूर्वक ठरवलेले होते, आणि नेपथ्याला मोठा खर्च न करता ते रंगमंचावर दाखवता येते. हातमोज्यांचा प्रसंग तर नाटककाराला आयता मिळालेला आहे. कार्लोस आपले हातमोजे क्रीडाग्रामातच विसरला होता. तेव्हा स्मिथकडची एकच जोडी दोघांनी वाटून घ्यावी, असे त्यांना सुचवले ते रौप्यपदक मिळवलेल्या ऑस्ट्रेलियाच्या पीटर नॉर्मनने. म्हणून स्मिथचा उजवा हात आणि कार्लोसचा डावा हात वर गेला. सगळे जग पुढे ज्या छायाचित्राकडे पाहत राहिले, त्याची रचना एका विसरलेल्या वस्तूमुळे आणि एका गोऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या साध्या सूचनेमुळे तशी झाली. समारंभापूर्वीची ती काही मिनिटे एकांकिकेत नसावीत, याचे मला फार वाईट वाटले.

नॉर्मनवर तर अन्यायच झाला. ती भूमिका करणारा मुलगा अख्ख्या प्रयोगात एक शब्दही न बोलता दुसऱ्या पायरीवर उभा होता आणि त्याच्या छातीवर बिल्ला नव्हता. खेळातल्या वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘मानवी हक्कांसाठीचा ऑलिंपिक प्रकल्प’ या चळवळीचा तो पांढरा बिल्ला त्या दिवशी तिघांच्याही छातीवर होता. मानवी हक्कांवर आणि देवावर तुझा विश्वास आहे का, असे त्या दोघांनी नॉर्मनला विचारले होते. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या संस्कारांत वाढलेल्या नॉर्मनने होकार दिला आणि मी तुमच्या बाजूने उभा राहीन असे सांगितले. त्याच्याकडे बिल्ला नव्हता, तो त्याला अमेरिकेच्या नौकानयन संघातल्या पॉल हॉफमन या गोऱ्या खेळाडूने काढून दिला. धावपटू म्हणूनही तो साधासुधा नव्हता. २०० मीटरच्या त्या शर्यतीत १९.८३ सेकंदांचा विश्वविक्रम करून स्मिथ जिंकला, तर कार्लोसला अगदी शेवटी मागे टाकणाऱ्या नॉर्मनची वेळ होती २०.०६ सेकंद. ऑस्ट्रेलियाचा तो राष्ट्रीय विक्रम ५६ वर्षे टिकला आणि डिसेंबर २०२४ मध्ये गाऊट गाऊट या किशोरवयीन धावपटूने तो मोडला. २०० मीटरची शर्यत शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा आकडा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक चूक मात्र दुरुस्त व्हायलाच हवी. एकांकिकेत ब्रंडेज स्मिथच्या गळ्यातले पदक हिसकावून घेतात असे दाखवले आहे. हा गैरसमज सर्रास आढळतो, पण पदके काढून घेतली गेली नव्हती. अमेरिकेच्या समितीने आधी कारवाईला नकार दिला, मग संपूर्ण ॲथलेटिक्स संघालाच बाहेर काढण्याची धमकी आल्यावर या दोघांना संघातून निलंबित करून क्रीडाग्राम सोडायला लावले. घरी परतल्यावर त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि पुढची कितीतरी वर्षे काम मिळवण्यासाठी धडपडावे लागले. पदक हिसकावणे रंगमंचावर उठून दिसते हे मी समजू शकतो, परंतु पदक घरात असताना हाताला काम नसणे हा त्याहून खोल प्रसंग आहे आणि तो खरा आहे.

नॉर्मनच्या बाबतीतही असाच मोह होण्याचा संभव आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली नाही. ती त्या दिवसाची शिक्षा होती, असे अनेकजण मानतात. ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक समितीला ते मान्य नाही. लेखकाने यात निकाल देण्याची घाई करू नये, उलट तो वादच पात्रांच्या तोंडी द्यावा. नॉर्मन ऑक्टोबर २००६ मध्ये गेला, तेव्हा मेलबर्नला त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस आले होते. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची क्षमा मागितली ती २०१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी.

कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठात, जिथे स्मिथ आणि कार्लोस शिकले, तिथे २००५ मध्ये या प्रसंगाचे भव्य शिल्प उभारले गेले. त्यात दोघे आहेत आणि दुसरी पायरी रिकामी आहे. ती नॉर्मनच्याच इच्छेने रिकामी ठेवली आहे. येणाऱ्या कोणालाही तिथे उभे राहता यावे, असे त्याचे म्हणणे होते. ही कल्पना इतकी नाट्यमय आहे की एखाद्या दिग्दर्शकाला ती स्वतःहून सुचली असती तर आम्ही त्याची पाठ थोपटली असती.

ही एकांकिका अंतिम फेरीसाठी निवडली गेली आहे, असे कळते. त्या मुलांना आपल्या दैनिकाद्वारे माझी विनंती आहे की मुठी वर गेल्यावर पडदा पाडू नका. दिवे तसेच ठेवून हातमोजे उतरू द्या, सामान भरू द्या, परतीच्या विमानाची वाट पाहू द्या; या दहा मिनिटांसाठी सुरुवातीची घोषणाबाजी कापावी लागली तरी चालेल. बूट काढून विंगेत ठेवा. आणि दुसऱ्या पायरीवरच्या मुलाला तो बिल्ला शिवून द्या. पांढऱ्या पुठ्ठ्याचाही चालेल, मात्र शेवटच्या रांगेतून दिसेल एवढा मोठा असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली