काठावरचा डाग

प्रिय नंदा,

तुझं पत्र मिळालं. जपानी चहाविधी म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर शांत खोली, बांबूची रवी आणि हिरवा फेसाळ चहा येतो, असं लिहिलंयस. जपानी लेखक कावाबाताची ‘सेंबाझुरू’, म्हणजे ‘हजार क्रौंच’, ही कादंबरी वाचेपर्यंत माझंही तसंच होतं.

सुरुवातीलाच कामाकुराच्या एनगाकुजी मंदिरात चहाविधी चाललाय. तो शिकवणारी चिकाको ही नायकाच्या, किकुजीच्या, वडिलांची एके काळची रखेल, आणि आता ती किकुजीचं लग्न जमवायला निघालीय. वडिलांची दुसरी प्रेयसी, ओटाबाई, तीही तिथेच. चहा ज्या काळ्या, ओरिबे नावाच्या जपानी कुंभारशैलीतल्या वाडग्यात येतो तो आधी ओटाबाईच्या नवऱ्याचा होता. नवरा वारल्यावर तिच्याकडे, तिच्याकडून वडिलांकडे, त्यांच्याकडून चिकाकोकडे आलेला. अगं, कोण कुणाचं होतं हे सगळं त्या एका भांड्याला ठाऊक आहे, आणि मंडळी ते अदबीनं हातात धरून चहा पिताहेत!

माझा जीव मात्र दुसऱ्या वाडग्यात अडकलाय. तो शिनो शैलीचा, पांढुरक्या झिलईचा, ओटाबाईच्या रोजच्या चहाचा. तिनं जीव दिल्यावर लेक फुमिको तो किकुजीला देते. काठावर फिकट तपकिरी डाग आहे, आईच्या ओठांच्या रंगाचा. कितीही धुतला तरी जात नाही. पुढे दोघं तो वाडगा आणि किकुजीच्या वडिलांचा कारात्सू शैलीचा वाडगा शेजारी शेजारी ठेवतात, तेव्हा दोन गेलेली माणसं समोर येऊन बसल्यासारखी वाटतात. आणि मग फुमिको शिनोचा वाडगा अंगणातल्या दगडी कुंडावर आपटून फोडते.

ती त्यानं सुटली असं मला वाटत नाही. सकाळी किकुजी तुकडे गोळा करतोच ना.

१९६८ च्या नोबेल भाषणात कावाबातानं स्वतः सांगितलं की ही कादंबरी चहाविधीच्या सौंदर्याचा गौरव म्हणून वाचणं चूक आहे. विधीत शिरलेल्या सवंगपणाबद्दलची शंका आणि इशारा तिच्यात आहे. मला ते चिकाकोमुळे पटलं. तिला विधी सगळा येतो, पण मनात नुसतं विष.

आमच्याकडे आजीचं नाव कोरलेला पितळी गडवा आहे. पुस्तक संपलं त्या रात्री तो काढून नावावरून बोट फिरवत बसले.

पुस्तक पोस्टानं पाठवतेय. वाडगा फुटतो तिथवर पोचलीस की फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी,
शुभा