बालगंधर्वांच्या पदराआड लपू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत पुरुष साडी नेसून हातवारे करतात, त्यावर कोणीतरी घेतलेल्या हरकतीला गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकांनी उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं, की ही तर मराठी रंगभूमीची परंपरा आहे, बालगंधर्वांनी दुसरं काय केलं, आणि हल्ली लोकांना कशाचंही वाईट वाटतं.

बालगंधर्वांचं नाव मध्ये आणलं म्हणून लिहायला बसले, नाहीतर वर्तमानपत्राला पत्रं लिहिण्यातली मी नव्हे. बडोद्यात दांडिया बाजारात आमचं ड्रेपरीचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. नाटकाचे, शाळेच्या गॅदरिंगचे, नवरात्रात चणियाचोळीचे कपडे आम्ही भाड्यानं देतो. हिशेब आमचे हे बघतात, कपडेपट माझ्याकडे. गणपतीत मंडळांची आणि सोसायट्यांची प्रहसनं असतात आणि त्यात एक तरी बाप्या साडीत असतोच. त्याला साडी नेसवायला मला बोलावतात. त्यामुळे या विषयात मला थोडं कळतं असं मी धरून चालते.

पुरुषाला नऊवारी नेसवणं सोपं नसतं. कंबर सरळसोट, खांदे रुंद. आधी कमरेला जुना टॉवेल दुमडून घट्ट बांधायचा, त्यावर साडीची गाठ. निऱ्या बेंबीच्या वर खोचायच्या, खाली खोचल्या की पोट सुटल्यासारखं दिसतं. काष्टा घालताना दोन्ही मांड्यांवर कापड सारखं बसायला हवं, नाहीतर दोन पावलांत लुगड्याचं धोतर होतं. पदराची पिन नुसती कापडाला लावून भागत नाही, ब्लाउजच्या शिवणीतून घ्यावी लागते, कारण पुरुष चालताना खांदे हलवतो. मग त्याला सांगायचं, पाऊल आखूड टाक, हात कोपरापासून हलव. एवढं केलं की तो बरा दिसतो, आणि खरं सांगते, आरशात बघून बहुतेक जण जरा वेळ गप्प होतात.

आणि नेमकं तेव्हाच विंगेतून कोणीतरी डोकावतं आणि म्हणतं, "मावशी, इतकी नीट नको हो. जरा ढगळ बांधा. मध्येच सुटली पाहिजे, तिथं मोठा लाफ्टर आहे."

त्या वाचकांना मला एवढंच विचारायचंय, की सुटण्यासाठी बांधलेली साडी बालगंधर्वांच्या परंपरेत कुठे बसते?

'एकच प्याला'चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीनं आमच्या बडोद्यातच केला, फेब्रुवारी 1919 मध्ये. नाटककार गडकरी महिनाभर आधीच वारले होते. बोडसांचा सुधाकर आणि नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची, सिंधू. भरजरी शालू-पैठण्यांसाठी नावाजलेला नट त्या नाटकात ठिगळांच्या लुगड्यात दळण दळायला बसायचा, आणि प्रेक्षक रडायचे. पडदा पडेपर्यंत समोर पुरुष आहे हे कोणाच्या मनातही येऊ नये, यासाठी ती सगळी मेहनत. घरोघरच्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला बघायच्या. सयाजीराव महाराजांचा त्या मंडळीला आश्रय होता. गुजराती रंगभूमीवर विसनगरचे जयशंकर तर 'सुंदरी' याच नावानं ओळखले गेले, पुढे पद्मभूषण झाले. या लोकांनी साडीची कधी टिंगल केली नाही. आणि तसं बघितलं तर ती नटांची परंपरा. बायकांना रंगमंचावर मज्जाव होता म्हणून पुरुषांनी केलेलं काम. घरी गेल्यावर ते आपले धोतर-कोटातच.

आजचं प्रहसन वेगळ्याच गोष्टीवर चालतं. त्यात पात्र बाई नसतंच. तो 'बायकी' पुरुष असतो, नाहीतर हिजडा असतो, आणि तो तसा आहे हाच विनोद. संवाद लिहायची गरज नाही, तो नुसता आला, मान वेळावली, हिरोच्या गळ्यात पडायला गेला, हिरो दचकून पळाला, की हशा. साडी चढवली की लेखकाला आपलं निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. अशी माणसं खरोखर असतात, गावात असतात, बहुधा त्याच मांडवात मागच्या खुर्चीवर बसलेली असतात, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात येत नाही.

मागच्या खुर्चीवर म्हणते ते उगाच नाही. कारेलीबागेकडच्या एक मासी माझ्याकडे ब्लाउज शिवायला येतात. त्यांच्या खांद्याचं माप घेताना बाकीचे शिंपी एक तर हसतात, नाहीतर घाबरतात. एका वर्षी गणपतीच्या प्रहसनात हिजड्याचं काम करणाऱ्या मुलाला मी तयार केलं होतं आणि मासी प्रयोगाला आल्या होत्या. मला वाटलं, आता या दुखावल्या जाणार. बाहेर भेटल्या तर गुजरातीत म्हणाल्या, "ताळी पण नथी आवडती एने." त्याला साधी टाळीसुद्धा येत नाही. मग तिथंच, चपलांच्या ढिगाशेजारी, करून दाखवली. बोटं फाकलेली, तळवे ताठ आणि आडवे, पंजावर पंजा. असा आवाज निघाला की रिक्षावाल्यानं वळून बघितलं. आमचा मुलगा स्टेजवर सत्कार समारंभातल्यासारख्या टाळ्या वाजवत होता. मासींची तक्रार तेवढीच होती, की काम शिकून केलेलं नव्हतं. दारूड्या करायचा तर नट गुत्त्यावर जाऊन बघतो, पोलीस करायचा तर पट्टा कसा लावतात ते विचारतो. इथं कोणी विचारायला गेलं नाही.

बडोद्यात तरी विचारायला लांब जावं लागत नाही. तृतीयपंथी जिला मानतात त्या बहुचराजीचं मोठं देऊळ गायकवाडांनीच बांधलं, तिच्या भक्तांना इथं घरोघर ओवाळणी मिळते. लक्ष्य ट्रस्ट समलिंगी पुरुषांसाठी आणि तृतीयपंथीयांसाठी 2000 पासून काम करतो. त्याचे संस्थापक राजपिपळ्याचे राजपुत्र मानवेंद्रसिंह 2006 मध्ये आपण समलिंगी असल्याचं वर्तमानपत्रातून उघड बोलले, तेव्हा त्यांच्या गावात त्यांचे पुतळे जाळले होते. केंद्र सरकारच्या गरिमा गृह योजनेतलं तृतीयपंथीयांसाठीचं निवाराघर बडोद्यात नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झालं.

आता कोणी म्हणेल, म्हणजे विनोद करायचाच नाही का? करा की. सतीश आळेकरांच्या 'बेगम बर्वे'त कमी हसू येतं का? 1979 चं नाटक. त्यातला बर्वे हा संगीत नाटकाच्या जमान्यातला उरलासुरला स्त्रीपार्टी, उदबत्त्या विकून पोट भरणारा, आणि दोन कारकुनांच्या स्वप्नात तो नलावडेबाई होऊन बसतो. आपण हसतो, पण त्याला नाव आहे, धंदा आहे, मालक आहे, राहायची अडचण आहे. हसून झाल्यावर तो माणूस डोक्यातून जात नाही. तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट'मध्ये एक मुलगी दुसऱ्या मुलीवर प्रेम करते हे सरळ रंगमंचावर मांडलं, आणि रोहिणी हट्टंगडींनी ते काम केलं. तिची मात्र शेवटी आत्महत्या. 'उंबरठा'तही सुधारगृहातल्या दोन बायका आहेत, त्यांच्या वाट्यालाही सुख नाहीच. बायकांबाबत मराठीत हशासुद्धा नाही, नुसती गैरहजेरी. मी त्या नाटककारांना दोष देत नाही, त्या वेळी एवढं लिहिणंही धाडसाचं होतं. पण हसं नाहीतर मरण एवढेच दोन दरवाजे किती वर्षं ठेवायचे? सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी 2006 मध्ये आली. घरात राहायला आलेल्या मुलाच्या प्रेमात भाऊही पडतो आणि बहीणही. मोडतात दोघंही, मरत कोणी नाही. मध्यमवर्गीय मराठी घर, पेइंग गेस्ट, आईवडील. वाचून मला आमच्याच आळीतलं वाटलं.

एक गंमत सांगते. 'नटरंग', 'बालगंधर्व' आणि मग 2023 मध्ये गौरी सावंतांवरची 'ताली' ही मालिका, तिन्ही रवी जाधवांनी केली. आधी नाच्या, मग स्त्रीपार्टी, मग प्रत्यक्ष तृतीयपंथी कार्यकर्ती. म्हणजे वाट आहे, मराठी माणसानंच चाललेली. गौरीचं काम सुष्मिता सेननं केलं, चांगलं केलं, पण ते काम मिळवायला मासींसारखी एखादी ऑडिशनच्या रांगेत उभी राहील तो दिवस मला बघायचाय.

आणि चित्रकार भूपेन खख्खर. मराठी लोकांत त्यांचं नाव कमी घेतलं जातं म्हणून मुद्दाम लिहिते. मुंबईहून 1962 मध्ये बडोद्याला आले आणि 2003 मध्ये जाईपर्यंत इथलेच राहिले. एका कारखान्यात हिशेबनिशी करायची आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायची. त्यांनी शिंपी काढला, न्हावी काढला, घड्याळ दुरुस्त करणारा काढला. 1972 चं 'डीलक्स टेलर्स' मी छापील पाहिलंय. शिंप्याचं दुकान असतं तसंच, आणि आमच्या धंद्याचं चित्र एवढ्या मोठ्या माणसानं काढलं याचा मला अभिमान आहे. पुढे 1980 नंतर त्यांनी स्वतःबद्दल काही झाकलं नाही, आणि पुरुषाजवळ पुरुष बसलेला, निजलेला त्याच साधेपणानं रंगवला. 1984 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2016 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये मोठं प्रदर्शन झालं. शिंप्याला जो मान, तोच त्या दोन पुरुषांना. आमच्या एकांकिका लिहिणाऱ्या पोरांनी आधी ती चित्रं बघावीत, असं मला वाटतं.

संपादकसाहेब, थोडं तुमच्याबद्दलही. जून महिन्यात आपल्या पुरवणीत सप्तरंगी झेंड्याचे फोटो येतात, मुंबईच्या कशिश चित्रपट महोत्सवाबद्दल चांगलं छापून येतं. सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवाच्या बातम्यांत मात्र "स्त्रीवेषातील अमुक यांनी धमाल उडवली, प्रेक्षक हसून लोटपोट" एवढंच असतं, शेजारी साडी सुटतानाचा फोटो. बातमीदाराला एवढं सांगता आलं तर बघा, की ते पात्र कोण होतं, करतं काय, आणि लोक नेमके कशाला हसले, हे एका ओळीत लिही. लिहायला गेल्यावर त्यालाच पुष्कळ ठिकाणी सांगता येणार नाही.

प्रेक्षकांना हेच आवडतं, असं मंडळांचे कार्यकर्ते सांगतात. मला ते पटत नाही. मी विंगेतून प्रेक्षकांकडेच बघत असते, कारण माझं काम तोवर संपलेलं असतं. साडी सुटली की पहिल्या दोन रांगा हसतात, तिथं त्या नटाचे मित्र बसलेले असतात. मागच्या बायका आपसात बोलायला लागतात किंवा पोरांना पाणी पाजतात. त्याच लोकांना काही वर्षांपूर्वी एका पोरानं विधवा आत्याचं काम करून दाखवलं होतं, नीट बांधलेल्या पांढऱ्या साडीत, तेव्हा पोरांचं पाणीसुद्धा राहिलं होतं.

यंदा दुकानात पाटी लावली आहे: सुटणारी साडी बांधून मिळणार नाही. एक मंडळ दुसरीकडे गेलं, जाऊ दे. आणि बडोद्यात कोणी 'बेगम बर्वे' करणार असेल, किंवा असं पात्र घालून नवीन काही लिहिलं असेल, ज्यात ते पात्र शेवटच्या प्रवेशापर्यंत जिवंत आणि कामाधंद्याला असेल, तर लुगडी, गंगावन, दागिने आमच्याकडून विनाभाडं. ब्लाउजचं माप मात्र तालमीच्या पहिल्याच आठवड्यात द्यायला या. पुरुषांच्या मापाचे तयार ब्लाउज कुठेच मिळत नाहीत आणि ऐन वेळी बाह्या उसवून भागवायला मी आता तयार नाही.

आपली,
एक ड्रेपरीवाली
दांडिया बाजार, बडोदे