कोलोरॅडो कुणाच्या जागेवर खेळला?

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये एकाच कॉन्फरन्सचे (विद्यापीठ संघांच्या गटाचे) दोन संघ बाउलमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या खास सामन्यात, समोरासमोर कसे येतात, असं तू विचारलंस. 28 डिसेंबर 2024 चा सॅन अँटोनियोतला अलामो बाउल घे. बीवाययूने (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) कोलोरॅडोला 36-14 हरवलं, आणि दोघेही बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचे! त्याचं कारण करारात आहे. हा बाउल बिग ट्वेल्व्ह विरुद्ध पॅक-ट्वेल्व्ह (पश्चिमेकडची कॉन्फरन्स) असा ठरलेला. 2024 मध्ये कोलोरॅडोसह दहा संघ पॅक-ट्वेल्व्ह सोडून गेले, तरी करार 2025 च्या हंगामापर्यंत चालू होता. म्हणून बाउलपुरतं त्यांना जुन्या घरचंच धरलं. यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) पॅक-ट्वेल्व्हमधून बिग टेन कॉन्फरन्समध्ये जाऊनही लास वेगास बाउल खेळला, तो याच हक्काने.

त्यातही बघ, बीवाययू आणि कोलोरॅडो त्या हंगामात आधी भेटलेच नव्हते. बिग ट्वेल्व्हचे संघ सोळा, आपसातले सामने प्रत्येकी नऊ. म्हणजे सहा प्रतिस्पर्धी राहूनच जातात. शेवटी चार संघ 7-2 वर (सात विजय, दोन पराभव) अडकले, हे दोघे त्यातलेच. कॉन्फरन्सचा अंतिम सामना मात्र ॲरिझोना स्टेट आणि आयोवा स्टेट यांना मिळाला. इतक्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये तक्त्यावरची जागा वेळापत्रकावरही ठरते, आणि बाउलची निवड त्या तक्त्यापासून सुरू होते.

रोझ बाउलचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. 1947 पासून तिथे बिग टेन विरुद्ध पश्चिम किनारा ही जोडी ठरलेली असायची. 1 जानेवारी 2025 ला ओहायो स्टेटने ओरेगॉनला 41-21 हरवलं, तेव्हा दोघेही बिग टेनचे होते. ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनने त्यांनाच 32-31 असं नमवलं होतं. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफची ही उपांत्यपूर्व फेरी असल्याने जोडी मानांकनावरून लागली. रोझ बाउल जिथे होतो त्या पासाडेनाच्या परंपरेला जोडी ठरवताना मत नव्हतं.

आता खरा हिशेब. बाउलसाठी बारा सामन्यांत सहा विजय लागतात. एफसीएस (खालच्या स्तरावरच्या) संघावरचा एकच विजय त्यात धरतात. एसईसी (आग्नेयेकडची सोळा संघांची कॉन्फरन्स) 2026 पासून आठऐवजी नऊ आपसातले सामने खेळणार, म्हणजे एकूण 64 चे 72. बाहेरच्यांशी होणारे सोळा सामने गेले. त्यांत सोळाही जिंकता आले असते. त्यांच्या जागी आलेल्या आठ सामन्यांत विजय बरोबर आठच, आणि पराभवही आठ. मिसिसिपी स्टेटने 2025 मध्ये बाहेरचे चारही जिंकले आणि एसईसीतल्या आठांपैकी एकच. त्यांचे पाच विजय त्या चारांवर उभे होते. सहा विजयांचे संघ कमी पडले, म्हणून अभ्यासातल्या प्रगतीच्या गुणांवर त्यांना बाउल मिळाला. असे 5-7 चे संघ आता वाढतील असं मला वाटतं.

एसीसी या कॉन्फरन्सचं गणित तर कागदावरच अडतं: 17 संघांनी प्रत्येकी नऊ खेळायचे तर बेरीज 153, विषम. एका संघाला आठवरच थांबावं लागतं.

यंदा बाउल जाहीर झाले की आधी प्लेऑफचे बारा संघ बाजूला काढ. मग उरलेल्यांत कुठल्या बाउलचा करार कुणाशी आहे ते पाहा. एसईसीत सिट्रस बाउलनंतरच्या सहा बाउलना कॉन्फरन्सचं कार्यालयच विद्यापीठांशी बोलून संघ वाटून देतं. तिथे अंतर आणि जोडीची पुनरावृत्ती बघतात, नुसतं क्रमांकावर जाऊ नकोस. आणि पॅक-ट्वेल्व्हचं नाव दिसलं तर दचकू नकोस: 2026 पासून त्यात ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटबरोबर बॉइझी स्टेटसारखे नवे संघ आहेत.

तुझा,
सुहास