पिस्टन का जळला, ते आधी शोध

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून खूप आनंद झाला. जुनी टू-स्ट्रोक गोल्फ कार्ट घरी आणलीस, इंजिन जाम आहे, आणि ते स्वतःच खोलायचं ठरवलंयस. जरूर खोल. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, हलणारे भाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. घरच्या टेबलावर पूर्ण उतरवून पुन्हा भरता येईल असं इंजिन याहून सोपं मिळणार नाही. फक्त पिस्टन आणि रिंगांचा संच मागवायची जी घाई तू चालवली आहेस, ती थांबव. जुना पिस्टन कशाने गेला हे कळल्याशिवाय नवा बसवलास, तर तोही त्याच वाटेने जाईल.

असं का, ते सांगतो. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँक जिच्यात फिरते ती खालची पेटी, ही ऑइलची टाकी असते. टू-स्ट्रोकमध्ये तीच क्रँककेस भात्याचं काम करते. पिस्टन वर गेला की खाली निर्वात होतो आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल, ऑइल व हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटेतून, वर सिलिंडरमध्ये चढतं. ही कल्पना इंग्लंडमधल्या जोसेफ डे यांची, १८९१ च्या पेटंटमधली. पुढच्याच वर्षी त्यांच्याकडच्या फ्रेडरिक कॉक यांनी पिस्टनच्याच कडेने पोर्ट उघडझाप करायची सोय केली आणि बहुतेक झडपांची गरजच संपली. इतकी वर्षं झाली तरी तुझ्या सीटखालचं इंजिन त्याच तत्त्वावर चालतं. त्यामुळे भात्याला कुठेही बारीक भोक पडलं की कार्बोरेटरने न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही तेवढ्याच हवेमागे कमी पडतं, तापमान चढतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो.

म्हणून हेड आणि ब्लॉक काढलास की पहिल्यांदा पिस्टन धुऊ नकोस. तसाच उजेडात धरून नीट बघ. सायलेन्सरच्या, म्हणजे एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूलाच उभे ओरखडे आणि वितळलेलं अॅल्युमिनियम असेल, तर मिश्रण पातळ झालं होतं किंवा ऑइल कमी पडलं होतं. चारही कोपऱ्यांना सारखे डाग असतील, तर थंड इंजिन एकदम ताणल्यामुळे पिस्टन सिलिंडरच्या आधी फुगला. इनटेकच्या बाजूचा स्कर्ट, म्हणजे पिस्टनची खालची भिंत, घासून निस्तेज झाला असेल, तर एअर फिल्टरमधून धूळ गेली. माथ्याला मधोमध भोक असेल तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, आधी सरकली होती का, स्पार्क प्लग चुकीचा, जास्त गरम राहणारा होता का, हे तपासावं लागेल. या पिस्टनइतकी खरी हकीगत तुला कुणीही सांगणार नाही, अगदी गाडी विकणारासुद्धा.

खोलताना दोन गोष्टी सांभाळ. सुरुवातीलाच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ, कारण या गाड्यांमध्ये स्टार्टर आणि जनरेटर एकच असतो आणि पेडल दाबताच तो इंजिन फिरवायला बघतो. जाम इंजिन त्या स्टार्टरने सोडवायला जाऊ नकोस. प्लगच्या भोकातून गंज सोडवणारं तेल टाक आणि एक-दोन दिवस मुरू दे. दुसरं, फ्लायव्हील पुलरनेच, म्हणजे ओढून काढायच्या हत्यारानेच काढ. क्रँकच्या टोकावर हातोडा बसला की दाबून जोडलेली क्रँक वाकडी होते आणि नव्या बेअरिंगनाही मग काही अर्थ राहत नाही. फ्लायव्हील निघालं की ते क्रँकवर जागेवर धरणारी आतली लहान चावी बघ. ती अर्धवट कातरलेली असेल तर टायमिंग सरकलेलं होतं, आणि कदाचित तुझं उत्तर तिथेच मिळेल.

माझा संशय मात्र ऑइल सीलवर, म्हणजे क्रँकच्या टोकांवरच्या रबरी कड्यांवर आहे. बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात सीलचं रबर कडक होतं. बेल्टवर चालणाऱ्या या इंजिनात क्रँकच्या दोन्ही टोकांना बाहेर मोकळी हवाच असते. एकीकडे पंख्याचं फ्लायव्हील, दुसरीकडे क्लच. त्यामुळे कुठलंही सील गेलं तरी आत हवाच शिरते. क्लचमागे चिकट, काळा थर दिसला आणि बेल्ट घसरत असेल, तर त्या बाजूचं सील गेलंच समज, कारण तेच सील आत दाब आला की ऑइल बाहेर फेकतं. आणखी एक जागा सहज नजरेतून सुटते. बहुतेक कार्टमध्ये पेट्रोल पंप क्रँककेसच्याच धडधडीवर चालतो. त्याची बारीक नळी तडकली तर पेट्रोल कमी पोचतं आणि हवाही जास्त शिरते, असा दुहेरी घात होतो. ती नळी आणि पंपाचा पडदा बदलूनच टाक.

खालच्या भागाचं मोजमाप न घेता वरचा भाग भरायला जाऊ नकोस. कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून बघ. तिथे जराही ठोका लागता कामा नये. आडवा थोडा ढिलेपणा असतो, तो चालतो. रॉड बदलायचा असेल तर क्रँक प्रेसवर उघडून पुन्हा सरळ करावी लागते. ते काम प्रेस आणि डायल गेज असलेल्या माणसाकडेच दे. मुख्य बेअरिंग बसवताना क्रँककेस साधारण १०० अंशांपर्यंत गरम कर आणि बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेव, म्हणजे ते ठोकावं लागत नाही. सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, आणि ओठांना ग्रीस.

सिलिंडर आधी मोज, मग ठरव. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडव्या-उभ्या दोन दिशांनी. तो लंबगोल किंवा उतरता झाला असेल तर नुसतं होनिंग, म्हणजे आतून बारीक घासणं, करून भागणार नाही; बोअर, म्हणजे आतून कापून मोठा, करावाच लागेल. तेव्हा ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापापेक्षा थोडा मोठा, पिस्टन आधी हातात घे आणि त्याच्या मापाने बोअर करून घे. उलट क्रमाने गेलास तर पिस्टन आणि सिलिंडरमधली मॅन्युअलमधली फट (क्लिअरन्स) नशिबावर सोडल्यासारखं होईल. बोअरनंतर पोर्टच्या धारदार कडा थोड्या मारून घ्यायला सांग, नाहीतर रिंग त्यात अडकून तुटते. सिलिंडर घरी आला की गरम पाणी आणि साबणाने घास. नुसत्या पेट्रोलने होनिंगची बारीक पूड निघत नाही. पांढरं कापड ऑइलमध्ये बुडवून आतून फिरव आणि कापड करडं व्हायचं थांबेपर्यंत धुतच राहा. कंटाळवाणं काम आहे, पण इंजिनाचं पुढचं आयुष्य इथेच ठरतं.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती सिलिंडरमध्ये घालून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोज. दर २५ मिलिमीटर बोअरला ०.१ मिलिमीटर हा ढोबळ हिशेब, म्हणजे ७० च्या बोअरला सुमारे ०.२८. खाचेत जी बारीक पिन असते तिच्या दोन्ही बाजूंना रिंगची टोकं यायला हवीत. माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनचे सर्क्लिप, म्हणजे अडकवायच्या तारेच्या कड्या, नवेच वापर, त्यांचं तोंड वर किंवा खाली ठेव आणि ते बसवताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंब.

आता सर्वांत महत्त्वाचं. इंजिन गाडीत चढवण्याआधी दाब देऊन तपास. इनटेक आणि एक्झॉस्ट रबर लावलेल्या पट्ट्यांनी बंद कर, प्लग घट्ट कर, आणि हातपंपाने साधारण ६ पीएसआय (दाबाचं माप) हवा भर. त्याच्या फार वर जाऊ नकोस, सील बाहेर ढकललं जाईल. काटा मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर सील, क्रँककेसचा जोड, ब्लॉकखालचं गॅस्केट, सगळीकडे साबणाचं पाणी लाव. बुडबुडे जागा दाखवतील. पंप उलटा जोडून निर्वाताचीही परीक्षा घे, कारण काही सील आत दाब असताना धरतात आणि आत निर्वात झाला की बाहेरची हवा आत सोडतात. बरेच जण हे टाळतात आणि मग कार्बोरेटरचे जेट बदलत बसतात. तू टाळू नकोस, एवढा माझा हट्ट आहे.

बाकीचं थोडक्यात. कार्बोरेटर पूर्ण खोलून धू, ठिणगी पाडणारे पॉइंट आणि कंडेन्सर नवे टाक, पंख्याच्या झाकणाखालचे थंडाव्याचे पंख (फिन) मोकळे कर आणि ते झाकण न लावता इंजिन क्षणभरही चालवू नकोस. तुझी गाडी कोणत्या कंपनीची ते तू लिहिलं नाहीस. हार्ले-डेव्हिडसनने १९६३ ते १९८२ या काळात गोल्फ कार्ट बनवल्या. त्यातल्या टू-स्ट्रोकला रिव्हर्स गिअरच नसे. इंजिन थांबवून उलट दिशेने फिरवत आणि त्यासाठी पॉइंटचा दुसरा संच असे. तसली असेल तर टायमिंग दोन्ही दिशांनी लावावं लागेल. यामाहाच्या जी-वनसारखी ऑइल वेगळ्या टाकीतून ओढणारी असेल, तर ऑइल पंपातली हवा काढल्याशिवाय चालू करू नकोस. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं असेल तर प्रमाण मॅन्युअलमधलं घे. ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली.

पहिल्यांदा चालू झालं की थोडा धूर येईल, तो जोडताना लावलेल्या ऑइलचा असतो. सपाट जागेवर एकट्याने, थोडं चालव आणि पूर्ण थंड होऊ दे. असं काही वेळा कर, मग थंड इंजिनावर हेडचे नट टॉर्क रेंचने पुन्हा ताण, समोरासमोरच्या क्रमाने. पहिली टाकी संपेपर्यंत चढावर माणसं भरून नेऊ नकोस. मधूनच प्लग काढून बघ. तपकिरी असेल तर उत्तम, पांढरट दिसला तर तिथेच थांब आणि मला कळव.

ब्लॉक उतरवलास की पिस्टनचे चारही बाजूंनी फोटो आणि सिलिंडरची सगळी मापं पाठव. ती बघून बोअर करायचा की नाही ते आपण दोघं मिळून ठरवू. तोवर संच मागवू नकोस.

तुझा,
मधू